गीतकाराचा रकाना

सातपुड्यातल्या मोलगीच्या पेठेत मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळायची. स्वस्त इंटरनेट देवगोईचा घाट चढून वर यायच्या आधीची ही गोष्ट. बाजाराच्या दिवशी पाड्यापाड्यांवरून उतरलेली पोरं मीठ, तेल, साबण घेऊन झालं की या दुकानांपुढं गोळा व्हायची. कार्ड काढून द्यायचं आणि काय हवं ते सांगायचं. टिमली, रोडाली, गरबा, अहिराणी, हिंदी. आतला पोरगा संगणकावर फोल्डर उघडून भराभर गाणी भरून द्यायचा. मी तेव्हा त्या भागात एका शाळेवर होतो आणि गाण्यांचा नादी होतो. कार्ड भरेस्तोवर पडद्यावरची फाइलींची नावं वाचत बसायचो. ‘नवीन रोडाली’, ‘नवीन रोडाली फुल’, ‘होळी स्पेशल ढोल’. कुठं बॅण्डचं नाव, कुठं गावाचं, कुठं स्पीकर लावलेल्या गाडीच्या मालकाचं. रेकॉर्डिंग करणाऱ्याचा मोबाइल नंबर तर हमखास. गाणं कुणी रचलं, ते मात्र एकाही फाइलीवर नसायचं.

याच सुमारास, २०१५ साली, ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकानं सर्वश्रेष्ठ शंभर गीतकारांची यादी छापली. पहिला बॉब डिलन, दुसरा पॉल मॅकार्टनी, तिसरा जॉन लेनन, मग चक बेरी, मग स्मोकी रॉबिन्सन. अशा याद्यांवर वाद घालणं हा आम्हा गाणंवेड्यांचा आवडता उद्योग. पानटपरीवर सचिन मोठा की गावसकर हे जितक्या तावातावानं चालतं, तितक्याच तावातावानं आम्ही लेनन की मॅकार्टनी यावर रात्री घालवल्यात. या यादीशीही माझं भांडण नव्हतं. डिलन पहिला, हे मला मान्यच होतं. तो मिनेसोटातल्या हिबिंग नावाच्या लोखंडाच्या खाणीच्या गावात वाढला. आडगावच्या पोरानं जगाला गाणं शिकवावं, याचं आम्हा आडगावच्यांना कौतुक वाटणारच.

पण ती यादी मी वाचली शाळेमागच्या टेकडीवर. तिथं फोनला रेंज यायची. खालच्या पाड्यावर लग्न होतं आणि ढोल वाजत होता. यादी वाचावी की ढोल ऐकावा, अशा ओढाताणीत एक गोष्ट टोचू लागली, ती आजवर निघालेली नाही. गाण्याला कर्ता असतो, कर्त्याला नाव असतं आणि ते नाव कुठंतरी छापलेलं असतं, हे त्या यादीनं न बोलता धरून ठेवलेलं होतं. खाली जे गाणं चाललं होतं, त्याला कर्ता होता का? असला तर त्याचं नाव कुणाला ठाऊक होतं?

फाल्गुनात सातपुडा गाण्यानं दाटतो. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि मग येते काठीची राजवाडी होळी. काठी मोलगीपासून जवळच. ही होळी १२४६ सालापासून चालत आलीय असं लोक सांगतात. उंच बांबू आणायचा, त्याच्यासाठी खड्डा करायचा तो अवजार न लावता हातांनी, आणि रात्रभर नाचून होळी पेटवायची ती पहाटे. नवस पाळणारे बावा आणि बुध्या कमरेला भोपळे, घुंगरं बांधून आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवून नाचत असतात. त्यांच्या अंगावरच्या ठिपक्यांचे आणि पिसांचे फोटो काढायला हल्ली पुण्या-मुंबईहून माणसं येतात. सगळे कॅमेरे पिसांकडं वळलेले असल्यामुळं कडेला काय चाललंय ते नीट बघता येतं.

कडेला रोडाली म्हणणाऱ्या बायकांच्या रांगा असतात. एकमेकींच्या कमरेत हात, दोन पावलं पुढं, दोन मागं. अर्धी रांग एक ओळ म्हणते, उरलेली अर्धी ती झेलते. दुरून ऐकलं तर एकच ओळ तासभर चाललीय असं वाटतं. जवळ जाऊन उभं राहिलं की कळतं, ओळ दर फेरीला बदलते. कधी एक शब्द, कधी अख्खी. आणि ती आपोआप बदलत नाही. प्रत्येक रांगेत एक जण असते. बहुधा वयानं मोठी, आवाज चिरका, नाचात फारसं लक्ष नसलेली. फेरी संपत आली की बाकीच्या अर्धा श्वास थांबतात आणि तिच्या तोंडाकडं बघतात. ती ओळ टाकते. बाकीच्या उचलतात. तेवढ्या अर्ध्या श्वासात गाणं लिहून होतं.

हे लक्षात आल्यावर मी माझ्या मोडक्यातोडक्या भिलोरीत एका रांगेतल्या मावशींना विचारलं, मावशी, हे गाणं कुणी जोडलं? त्या हसल्या. पुढची ओळ त्यांनी टाकली तेव्हा सगळी रांग हसली आणि माझ्याकडं बघू लागली. माझ्या हाती लागले दोनच शब्द, ‘गुरुजी’ आणि ‘मोबाइल’. शाळेतला एक पोरगा बाजूला उभा होता. त्याला म्हटलं, काय म्हणाल्या रे? तो लाजत लाजत म्हणाला, “सर, त्या म्हणाल्या, गुरुजी मोबाइल घेऊन होळीला आलेत. गाण्याच्या बापाचं नाव लिहून न्यायला आलेत.”

शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना आम्ही प्रत्येक पोराच्या बापाचं नाव विचारतो. दाखल्यावर विचारतो, आधारला विचारतो, शिष्यवृत्तीला विचारतो. ती चेष्टा तिथून आलेली. पुढं कितीतरी फेऱ्या मी त्या गाण्यात होतो. माझी दाढी आली, माझी न चालणारी मोटारसायकल आली. रॉकमधल्या कुठल्या महान गीतकारानं इतक्या झटपट माणूस गाण्यात बसवला असेल, मला ठाऊक नाही. आणि त्या मावशींना कुणी गीतकार म्हटलं असतं तर तेही त्यांनी असंच एका ओळीत बसवून टाकलं असतं.

आपल्याकडं पाठ्यपुस्तकांत लोकगीताची व्याख्या ठरलेली असते. कर्ता अज्ञात, रचना समूहाची, पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली. ऐकायला छान वाटतं. पण समूहाला तोंड नसतं. तोंड माणसाला असतं. एखादी ओळ पहिल्यांदा कुणा एकीलाच सुचते, तिच्याच तोंडून बाहेर पडते, मग बाकीच्या ती घेतात, घासतात, वाकवतात. समूहाचं काम खरं आणि मोठं आहे, पण ते नंतरचं. ‘कर्ता अज्ञात’ या दोन शब्दांत मला हल्ली गाण्याचा गुणधर्म दिसत नाही. कुणी विचारायलाच गेलं नाही, एवढीच त्यात नोंद असते.

याचा पुरावा माझ्या घराच्या बाजूचा आहे. मी जळगावकडचा. जळगावजवळ आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढं त्या गाणी रचत आणि म्हणत. घरातल्या लेकरांनी ती कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, मग मुलगा सोपानदेव चौधरींनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ छापून आली. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात ती गाणी वसंत पवारांच्या चालीत घुमली आणि घराघरांत गेली. सोपानदेव स्वतः कवी होते, अत्रे त्यांच्या ओळखीचे होते, म्हणून हे घडलं. मुलगा कवी नसता तर? तीच गाणी आमच्या आज्यांनी जात्यावर म्हटली असती, कुणा अभ्यासकानं टिपली असती, आणि खाली लिहिलं असतं: खानदेशातील लोकगीत, कर्ता अज्ञात. ओळी त्याच. फक्त बाई नाहीशी झाली असती.

२०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. नंदुरबार जिल्ह्यातली कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. सातपुड्यातून खाली उतरून बी.ए. झालेल्या पोराच्या पदवीवर आता एका निरक्षर गीतकार बाईचं नाव छापलेलं असतं. तिकडं पाड्यावर त्या पोराची आजी गात असते, आणि तिचं नाव त्याच्या नातलगांपलीकडं कुणाला माहीत नसतं. यात कुणाला टोमणा मारायचा नाही. मला ते छापील नाव बघून आनंदच होतो. पण दोन्ही एकाच घरात असतात, हे सांगायला हवं.

बहिणाबाईंची एक सख्खी बहीण अमेरिकेत होती. रक्तानं नव्हे, नशिबानं. एलिझाबेथ कॉटन. नॉर्थ कॅरोलिनातल्या कारबोरोची कृष्णवर्णीय मुलगी, जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. भावाचा बॅन्जो चोरून वाजवायची, पुढं घरकामं करून साठवलेल्या पैशांतून गिटार घेतली. डावखुरी होती, म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी धरली आणि अंगठ्यानं सूर, बोटांनी खर्ज अशी आपली स्वतःची रीत काढली. घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर तिनं बाराएक वर्षांची असताना एक गाणं केलं. मग लग्न झालं, मूल झालं, गिटार सुटली. कितीतरी वर्षांनी वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात ती काम करत असताना तिथं एक छोटी मुलगी हरवली. हिनं ती आईकडं पोचवली. आई होती संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, मुलगी पेगी सीगर. त्या ओळखीतून कॉटनबाई सीगरांच्या घरी कामाला लागल्या.

आता बघा, योग कसा. हे घर म्हणजे अमेरिकन लोकगीतांचं माहेर. बाप चार्ल्स सीगर संगीताचे अभ्यासक, आई लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून स्वरलेखन करणारी, सावत्र मुलगा पीट सीगर तर पुढं जगप्रसिद्ध झाला. दिवाणखान्यात मंडळी देशभरातल्या ‘अज्ञात’ गाण्यांचा अभ्यास करताहेत आणि स्वयंपाकघरात गीतकार भांडी घासतेय. भिंतीवर टांगलेली गिटार तिनं एकदा उतरवून वाजवली तेव्हा घराला कळलं. १९५० च्या दशकात पेगीनं ते मालगाडीचं गाणं इंग्लंडला नेलं. तिथं दोघा जणांनी ते आपल्या नावानं नोंदवलं. १९५७ साली ते गाजलं. त्या काळी लिव्हरपूलमध्ये शाळकरी जॉन लेनन आणि त्याच्या जोडीची पोरं जी गाणी वाजवत होती, त्यांतही ते होतं. यादीतला तिसरा गीतकार ज्या गाण्यांवर हात बसवत होता, त्यांतलं एक कामवाल्या बाईंनी बाराव्या वर्षी केलेलं. सीगरांच्या खटपटीनं पुढं बाईंचं नाव गाण्याला परत लागलं. १९५८ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली आणि १९८५ साली, नव्वदी उलटल्यावर, त्यांना ग्रॅमी मिळालं.

याला सुखान्त म्हणावं. सगळ्यांच्या वाट्याला इतकंही येत नाही. जोहान्सबर्गच्या सॉलोमन लिंडानं १९३९ मध्ये ‘म्बुबे’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि हक्क दहा शिलिंगांना गेले. त्याच चालीवर अमेरिकेत सिंहाचं गाणं झालं, ‘द लायन किंग’मध्ये आलं, आणि लिंडाच्या मुलींना तडजोडीचे पैसे मिळायला २००६ उजाडलं. लिंडाला तोवर गरिबीतच मरून चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

व्हर्जिनियाच्या डोंगरांतला ए. पी. कार्टर मला यापेक्षा गुंतागुंतीचा वाटतो, कारण त्यात कुणी धड खलनायक नाही. १९२७ साली कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि गाणी अपुरी पडू लागली. मग हा माणूस डोंगरात पाड्यापाड्यांवर गाणी गोळा करत हिंडू लागला. बरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक, एका पायानं अधू. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, रिडल चाल डोक्यात साठवायचा. परत आल्यावर शब्द आणि चाल यांची गाठ घालायची. तबकडीवर आणि हक्काच्या कागदावर नाव ए. पी. कार्टर. त्यानं ती गाणी डागडुजी करून, कडवी जोडून उभी केली हे खरंच. तो नसता तर कितीतरी गाणी त्या डोंगरातच संपली असती, हेही खरं. पण कुणा म्हातारीनं ओसरीवर बसून त्याला गाणं सांगितलं, आणि चार महिन्यांनी तेच गाणं दुकानातल्या तबकडीवर कार्टरच्या नावानं वाजलं. तिला काय वाटलं असेल? मेमरी कार्डवर नुसतं ‘नवीन रोडाली’ लिहिलेलं असतं, त्यात मला त्या मानानं थोडा प्रामाणिकपणा दिसतो. निदान खोटं नाव नाही.

डिलनचंही तेच. त्याच्या सर्वांत गाजलेल्या, वाऱ्यात उत्तर शोधणाऱ्या १९६२ च्या गाण्याची चाल गुलामांच्या काळातल्या एका गाण्यावरून आलीय. माणसांचे लिलाव ज्या चौथऱ्यावर व्हायचे, त्या चौथऱ्यावर पुन्हा उभं राहणार नाही, अशा आशयाचं ते गाणं. डिलननं हे लपवलं नाही. पण शंभर श्रेष्ठांत पहिला क्रमांक ज्या गाण्यांवर उभा आहे, त्यांतल्या एकाखाली अशी कुणी व्यक्ती उभी आहे, जिचं स्वतःचं शरीरसुद्धा तिच्या नावावर नव्हतं. गाणं कुठून असणार!

२०१६ मध्ये डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतही चर्चा झडली. गाणं म्हणजे साहित्य का? पुस्तकात वाचायचं ते साहित्य, कानानं ऐकायचं ते काय? मला त्या वेळी राहून राहून वाहरू सोनवणे आठवत होते. शहाद्याकडचे हे भिल्ल कवी श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आले. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. १९९० मध्ये पालघरला भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि लिहिलेलं तेवढंच साहित्य असं धरलं तर आदिवासींचं सगळं धन बाहेर राहतं, हा मुद्दा त्यांनी तिथं मांडला होता. स्टॉकहोमच्या समितीला तिथवर यायला आणखी सव्वीस वर्षं लागली. आणि तीही आली ती एका माणसापुरती, ज्याच्या सगळ्या गाण्यांचे शब्द छापून तयार होते. सोनवण्यांची एक प्रसिद्ध कविता स्टेजबद्दल आहे. वर कोण उभं असतं आणि खाली कुणाला बसवलं जातं, याबद्दल. रोडालीच्या रांगेत स्टेजच नसतं, हे त्यांना जन्मापासून माहीत असणार.

नाव कुणाला नको असतं? कागद नसतानाही ते टिकवायची युक्ती आपल्या मराठी गाण्यानं फार पूर्वी काढली. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुका, नामा, जनी आपलं नाव गुंफून ठेवतात. कागद भिजेल, वही बुडेल, पण शेवटची ओळ म्हटल्याशिवाय अभंग संपत नाही, आणि ओळ म्हटली की नाव घ्यावंच लागतं. ही मुद्रा म्हणजे तोंडी जगातली नोंदणी. वामनदादा कर्डकांनी तीच वापरली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ मध्ये जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरं शिकला आणि पुढं हजारो भीमगीतं लिहून २००४ पर्यंत गात राहिला. गावोगावच्या गायकांनी ती उचलली. चाली बदलल्या, कडवी गळाली, पण शेवटच्या ओळीत ‘वामन’ उभा असतो. माझ्या मनातल्या श्रेष्ठ गीतकारांच्या यादीत वामनदादा फार वर आहेत. रॉक म्हणजे विजेवरची गिटार नव्हे, चिडलेल्या माणसानं चौकात उभं राहून गायलेलं गाणं, असं धरलं तर आणखीच वर.

भिलोरी गाण्यात मात्र मी ही मुद्रा शोधली आणि ती सापडली नाही. तिथं नावं असतात, भरपूर असतात, पण रचणारीचं नसतं. नवरदेवाच्या बहिणीचं असतं, कंजूष व्याह्याचं असतं, पाड्याचं, डोंगराचं, नदीचं, याहा मोगी देवीचं असतं. ज्याच्यासाठी गायचं किंवा ज्याला चिमटा काढायचा, त्याचं नाव गाण्याच्या मधोमध येतं. अभंग आपल्या कर्त्याला सांभाळतो. रोडाली समोरच्याला सांभाळते. म्हणून तर मी दाढीसकट त्या रात्री गाण्यात होतो आणि ओळ टाकणाऱ्या मावशी नव्हत्या.

या रीतीचा उपयोग नुसत्या चेष्टेला झाला नाही. शहाद्याच्या बाजूला १९७२ च्या आसपास भूमिहीनांची चळवळ उभी राहिली तेव्हा तिचे पुढारी अंबरसिंग यांना लोक महाराज म्हणायचे, ते त्यांच्या भजनांमुळं. त्यानंतर नर्मदेवर सरदार सरोवर आलं, अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली पाण्याखाली जाऊ लागलं, तेव्हाच्या मोर्च्यांतही गाणी होती. चाल जुनी लग्नाची, मधलं नाव तेवढं बदललेलं. व्याह्याच्या जागी धरण आलं, सरकार आलं. सभेला नवे शब्द हवे होते आणि जोडणाऱ्या बायका तयार होत्या. एखाद्या सभेत कुणी विचारलं असतं, गीतकार कोण, तर सगळी सभा उभी राहिली असती. मात्र त्या सभेतही प्रत्येकीला ठाऊक असायचं, ही ओळ अमक्या पाड्याच्या तमकीची.

इथं मला दोन खटले आठवतात. एक मनातला, एक कोर्टातला. मॅकार्टनीला एका सकाळी ‘यस्टरडे’ची चाल स्वप्नातून मिळाली. इतकी सहज आली की त्याला ती आपली वाटेचना. कित्येक आठवडे तो भेटेल त्याला वाजवून दाखवत विचारत होता, ही कुणाची आहे, सांगा. कुणीच हक्क सांगितला नाही तेव्हा १९६५ मध्ये ती त्याची झाली. म्हणजे कागदावर लेनन आणि मॅकार्टनी दोघांची, कारण दोघांचा करारच तसा होता. त्यांचाच साथी जॉर्ज हॅरिसन इतका नशीबवान नव्हता. त्याच्या ‘माय स्वीट लॉर्ड’वर चालचोरीचा दावा झाला आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की त्यानं चाल उचलली, जाणूनबुजून नव्हे, नकळत. नकळत उचलणं हा गुन्हा! हा कायदा मोलगीत लागू केला तर होळीच्या रात्री एक माणूस सुटायचा नाही. तिथं नकळत उचलता येणं हीच तर गाता येण्याची पहिली पायरी.

पण म्हणून नावाशिवायचं गाणं फार थोर, निर्मळ, अहंकारमुक्त वगैरे म्हणायला मी तयार नाही. शहरातून आलेल्या पाहुण्यांना असं म्हणायला आवडतं. ते स्वतः मात्र लेखाखाली नाव छापून घेतात. महाराष्ट्रातल्या गावोगावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं. ती ओवी तिनंच रचली असं कुठंच म्हटलेलं नाही. पण निदान या दिवशी, या गावात, या बाईच्या तोंडी ही ओवी होती, एवढं तरी कळतं. सातपुड्यातल्या गाण्यांसाठी असं लाखांचं दप्तर मला कुठं दिसलेलं नाही.

माझा तो लाजरा विद्यार्थी आता मोठा झालाय. एका बॅण्डमध्ये कॅसिओ वाजवतो, उरलेल्या वेळात शेती आणि आमचूर. मध्यंतरी त्यानं आपल्या मावशीनं लग्नात म्हटलेलं गाणं मोबाइलवर घेऊन इंटरनेटवर टाकलं. आठवडाभरात तिथून सूचना आली की या गाण्यावर एका कंपनीचा हक्क आहे. कंपनीचं नाव इथं नको. कुठल्याशा बॅण्डनं तीच चाल आधी वाजवून नोंदवली असणार. त्यानं मला फोन केला. “सर, माझ्या मावशीचं गाणं माझ्या मावशीचं नाही म्हणताहेत.” म्हटलं, हरकत घेता येते, अर्ज भर. अर्जात मूळ रचनाकार कोण असा रकाना होता. त्यानं तिथं मावशीचं नाव लिहिलं, आणि खात्री करून घ्यावी म्हणून मावशीला विचारायला गेला. तिथं जे झालं, ते त्यानं फोन चालू ठेवून मला ऐकवलं.

मावशी म्हणाली, पहिल्या दोन ओळी माझ्या नाहीत. त्या माझ्या नणंदेच्या पाड्यावरच्या म्हातारीच्या, ती आता नाही. तिसरी माझी. चौथी माझी, असं म्हणते तोच अंगणातून दुसरी बाई ओरडली, चौथी माझी, अमक्याच्या लग्नात मीच टाकली होती, तू तेव्हा भाकरी करत होतीस. तिसरीनं साक्ष दिली, भाकरी करत होती हे खरं, पण ओळ चुलीपाशीच जोडली गेली. मग चाल कुणाची यावर नवा वाद निघाला. ती नर्मदेकाठच्या एका बुडालेल्या गावातून सुनेबरोबर आली, असं एक म्हातारा सांगू लागला. सगळ्यांना सगळं माहीत होतं. ओळवार माहीत होतं, कुठल्या लग्नात, कुठल्या साली, कोण रुसलं होतं म्हणून. पोरगा फोनवर माझ्याशी कुजबुजला, “सर, रकान्यात एकच नाव बसतं.”

तेवढ्यात अंगणातल्या बाईनं चौथी ओळ आपलीच, हे सिद्ध करण्यासाठी गायला सुरुवात केली. चौथीवर न थांबता पाचवी, सहावी, अशा कितीतरी ओळी तिनं टाकल्या. त्या कुणीच ऐकलेल्या नव्हत्या. एकीत ती कंपनी पण होती. हसणं ओसरल्यावर पोरानं विचारलं, “आणि ह्या कुणाच्या?”

“ह्या आत्ताच्या,” ती म्हणाली. “लवकर लिहून घे. कंपनी यायच्या आत.”